हातोडी पडेपर्यंत

तीनवार गप्प बसलेत, असं लिलावाच्या वखारीत कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्याचंच डोकं तपासायला पाठवलं असतं. ज्या माणसाने जन्मभर जिभेच्या जोरावर मोडकी कपाटं, बंद पडलेली घड्याळं आणि तीन पायांची टेबलं विकली, तो गप्प बसेल कशाला? त्यांचं खरं नाव बायकोलासुद्धा कागदावर सही करतानाच आठवायचं. सगळा बाजार त्यांना तीनवार म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला, त्यांची पाठ वळली की, तीनवारीणकाकू. समोर नुसत्या काकू. समोर जास्त बोलायची कुणाची छाती नव्हती.

लिलावाची त्यांची एक खास पद्धत होती. "एक वार" ते सहज म्हणायचे, जाता जाता म्हटल्यासारखं. "दोन वार" जरा लांबवायचे. मग हातोडी वर उचलून गर्जायचे, "दम धरा, मंडळी, दम धरा!" आणि स्वतः खरोखरच श्वास रोखून उभे राहायचे. त्यांचं बघून अख्खी वखार श्वास रोखायची. त्या शांततेत कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायची की माल हातचा जातोय, आणि बोली आणखी वर चढायची. नाहीच चढली, तर हातोडी टेबलावर आदळायची. "तीन वार! सुटला!" माल विकला गेला की वखारीत तो 'सुटला' म्हणायची रीत होती. आणि त्यापाठोपाठ लगेच, "सुटलेला माल आजच उचला! वखार म्हणजे धर्मशाळा नव्हे!"

असे हे तीनवार आता हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर गळ्याला भोक पाडून घेऊन पडले होते. निमोनियाने दोन्ही फुप्फुसं धरली, मग व्हेंटिलेटर लागला, आणि निमोनिया गेला तरी व्हेंटिलेटर काही जाईना. पाहुणा गेला आणि त्याची ट्रंक राहिली, तशातली गत. गळ्यातल्या भोकात नळी, नळीला ते यंत्र, आणि यंत्र फुस्स फुस्स करत हवा आत ढकलायचं. काकू त्याला भाता म्हणायच्या. हवा नळीतूनच आत जाई आणि नळीतूनच बाहेर येई, वर कंठापर्यंत पोचतच नसे, म्हणून आवाज बंद. सगळा संसार आता डोळे, भुवया आणि उजवा हात यांवर चालला होता. भुवया मात्र त्यांच्या पहिल्यापासूनच बोलक्या.

भात्याची सवय सोडवायचं काम एका फिजिओ मुलीकडे होतं. वॉर्डातल्या प्रत्येकाला ती काही ना काही फुंकायला लावायची, म्हणून काकूंनी तिचं नाव फुंकरबाई ठेवलं, आणि बघता बघता सिस्टरसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागल्या. ती रोज सकाळी तीनवारांना उशा लावून ताठ बसवायची, नळी साफ करायची, भाता काढायची आणि गळ्यापाशी ओलसर ऑक्सिजनचा मास्क लावायची.

"घ्या काका. आता तुम्ही आणि हवा. मध्ये कुणी दलाल नाही."

पण काकांना दलालाची सवय लागलेली. सुरुवातीचे श्वास बरे जायचे. मग खांदे वर यायला लागायचे, कपाळावर घामाचे थेंब, श्वास तोकडे आणि घाईघाईचे. मॉनिटरच्या पडद्यावरचे ऑक्सिजनचे आकडे खाली उतरायचे आणि भाता परत लागायचा. फुंकरबाई काही हार मानणारी नव्हती. "फुप्फुसं आता चांगली आहेत यांची," ती म्हणायची. "छातीखालचा स्नायू आयतं खाऊन आळसावलाय, आणि मनाने धास्ती घेतलीय. रोज थोडं थोडं वाढवू."

सोमवारी मोठे डॉक्टर आले. सज्जन माणूस, पण कायम घाईत. कोटाच्या खिशातून गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी डोकावत असायची, आणि तीनवार दर वेळी तिच्याकडे असे बघायचे, की ही काय हातोडी म्हणायची! डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं.

"काकू, शुक्रवारी मी यांना दिवसभर मशीनशिवाय ठेवून बघणार. सकाळच्या फेरीपासून संध्याकाळच्या फेरीपर्यंत टिकले, तर नळी काढायच्या मार्गाला लागू. नाही टिकले, तर ही खाट मला अडवून ठेवता येणार नाही. मशीनवरच्या लोकांसाठी एक संस्था आहे. लांब आहे, आगगाडीने दिवस जातो, पण फार चांगलं बघतात."

"तिथे मशीन सोडवतात?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तिथे सांभाळतात."

काकूंना कळायचं ते कळलं. भाता कायमचा, आवाज कायमचा बंद, आणि नवरा आगगाडीच्या पलीकडे.

त्यात संध्याकाळी चुलत दीर भेटायला आले. खाटेकडे बघून त्यांनी चुकचुक केली, आणि जाताना दारापाशी आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, बघवत नाहीत हो हाल. त्यापेक्षा सुटले तर बरं."

काकूंनी त्यांची छत्री त्यांच्या हातात दिली आणि जिन्यापर्यंत पोचवून आल्या, म्हणजे ते नक्की गेले याची खात्री झाली. पण शब्द काही गेला नाही. जन्मभर 'सुटला' म्हणजे आनंद, माल विकला गेल्याचा, आज घरी लवकर येण्याचा. आणि आता लोक तोच शब्द असा हळू आवाजात वापरायला लागले होते. त्या दिवसापासून काकूंनी तो शब्द टाकला. लेक साधं "बाबांना घाम सुटलाय" म्हणाली, तरी त्या दचकायच्या.

मंगळवारी सकाळी भाता निघाला, मास्क लागला, आणि लेकीने घड्याळाकडे बघत विचारलं, "बाबा, आज दहा मिनिटं काढायची का?"

काकू रात्रभर धुमसत होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दहा? दहाला कोण विचारतंय? वखारीत हसतील लोक! पंधरा बोला!"

तीनवारांच्या भुवया वर गेल्या. डोळ्यांत काहीतरी लखकन चमकलं. आणि उजव्या हाताचं एक बोट चादरीवरून उचललं गेलं. बोली लावणारं गिऱ्हाईक उचलतं तसं, जेमतेम.

"पंधरा आले!" काकू ओरडल्या. "खिडकीकडून पंधरा! कोण म्हणतं वीस?"

समोरच्या खाटेवर फासळ्या मोडून घेतलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. पडल्या पडल्या त्याचा जीव कंटाळून गेला होता. त्याने हात वर केला. "वीस!"

"ड्रायव्हरसाहेबांकडून वीस! खिडकीवाले, हार मानता का?"

खिडकीवाले हार मानतात होय! बोट पुन्हा वर. मग सिस्टरने पंचवीस केले, सफाईच्या मावशींनी फरशी पुसता पुसता तीस, आणि तीनवारांनी प्रत्येकाच्या वर बोट उचललं. काकूंना लिलावाची बोली चांगलीच पाठ होती. न येऊन सांगतात कुणाला, झोपेतसुद्धा ऐकलेली ती. फुंकरबाई आधी हसत होती. मग तिने तीनवारांच्या पोटावर हात ठेवला आणि तिचं हसू थांबलं.

"काकू, थांबू नका! अजिबात थांबू नका! बघा, तुम्ही बोली पुकारता तेव्हा हेही मनातल्या मनात पुकारतात. लांबलचक श्वास सोडतात. तुम्ही थांबलात की आत घेतात. खांदे हलतसुद्धा नाहीत! तुमच्या तालावर चाललेत हे!"

"आयुष्यात पहिल्यांदाच," काकू म्हणाल्या आणि पुढची बोली पुकारली.

त्या दिवशी तीस मिनिटं कुठल्या कुठे मागे पडली. बुधवारी मिनिटांचा हिशोब कुणी ठेवलाच नाही. "मावशींची फरशी पुसून होईपर्यंत कोण? औषधांची गाडी येईपर्यंत कोण?" असा लिलाव चालला होता, आणि तीनवार प्रत्येक बोली मारत होते. लेक बाबांचे पाय चोळता चोळता रडत होती आणि हसत होती. वॉर्डाला नुसता ऊत आला होता. फक्त काकू "एक वार, दोन वार" म्हणून तिथेच थांबायच्या.

"आई, तीन म्हण ना," लेक म्हणाली.

"लिलाव संपलाय का अजून? दोनवरच बरंय." तीनच्या मागोमाग कोणता शब्द येतो, ते काकूंनी सांगितलं नाही.

गुरुवारी घात झाला. दुपारपर्यंत सगळं झकास चाललं होतं. इतकं झकास की तीनवारांना खुर्चीत बसायची घाई झाली. ते हाताने सारखं खुर्चीकडे दाखवायला लागले. काकू खुर्चीवर पांघरूण घालत होत्या, ते घसरत होतं, आणि हा हात काही थांबेना. काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, जरा दम धरा की!"

हात हवेतच थांबला. तीनवारांची छाती थांबली. डोळे समोर लागले. काकूंचं लक्ष पांघरुणाकडे होतं. मॉनिटर ठणाणा करायला लागला तेव्हा त्या वळल्या. फुंकरबाई पळत आली. "काका, श्वास घ्या! काका!" काका दगडासारखे बसलेले. शेवटी श्वास आला तो धापा होऊन आला, सगळा ताल गेला, आकडे घसरले, आणि भाता लावावा लागला. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती मान काकूंना आगगाडीच्या तिकिटासारखी वाटली.

काकू खाटेशी बसल्या. त्यांना वाटलं, नवरा खचला असेल. पण तीनवार खचलेले नव्हते, चिडले होते. मूठ वळून गादीवर मारत होते. थप. थप. काकूंकडे बघून, पुन्हा थप.

"आई, तेव्हा तू काय म्हणालीस त्यांना?" लेकीने विचारलं.

"मी काय म्हणणार? जरा दम धरा म्हणाले."

बोलता बोलता काकूंचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! हातोडी! हे हातोडी पडायची वाट बघत होते!"

तीनवारांनी डोळे मिटले आणि सावकाश मान हलवली. मंद गिऱ्हाइकाच्या डोक्यात एकदाचा उजेड पडल्यावर ते वखारीत अशीच मान हलवायचे.

फुंकरबाई स्टुलावर बसून हसायला लागली ती थांबेचना. "म्हणजे श्वास संपला नव्हता, यांनी तो धरला होता! काकू, ज्याला श्वास धरता येतो ना, त्याला तो घेताही येतो. उद्याची परीक्षा मी यांना देऊ देणार. डॉक्टरांना मी सांगते." मग ती गंभीर झाली. "मात्र आजपासून या वॉर्डात दम हा शब्द बंद. कुणी दम धरायचा नाही, दम घ्यायचा नाही, कुणी कुणाला दम द्यायचा नाही."

"आणि दमले तर?" सफाईच्या मावशींनी विचारलं.

"थकले म्हणा."

शुक्रवारी सकाळच्या फेरीला भाता निघाला. काकूंचा आवाज खणखणीत. "औषधांच्या गाडीपर्यंत कोण?" बोट वर. "जेवणाच्या ताटांपर्यंत?" बोट वर. ड्रायव्हर फासळ्या धरून ओरडत होता. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर दारात येऊन बोली लावून जात होत्या. दुपारी खोकल्याची उबळ आली, नळीत कफ साठला, फुंकरबाईने तो ओढून काढला, आणि क्षणभर सगळं डळमळलं. "पोटाने, काका, पोटाने!" ती म्हणाली. काकूंनी बोली हळू केली, लांबवली, आणि श्वास पुन्हा रुळावर आला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. बोळातले दिवे लागले.

आणि मोठे डॉक्टर येईनात. कुठल्याशा ऑपरेशनला अडकले होते. संध्याकाळची फेरी म्हणजे डॉक्टर येतील तेव्हा. तीनवारांचा चेहरा उतरायला लागला. बोट उचलायला वेळ लागू लागला. काकूंचा घसा बसला. त्यांच्या बोलीत आता शब्द कमी आणि हवाच जास्त होती, तरी त्या पुकारत होत्या, कारण त्या थांबल्या असत्या तर समोरचा थांबला असता. "डॉक्टरांच्या पावलांपर्यंत कोण? खिडकीवाले, बोला! एक वार... दोन वार..."

पावलं वाजली. डॉक्टर लगबगीने आत आले, पडद्यावरचे आकडे बघितले, तीनवारांची छाती ऐकली, आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! वा, काका! कमाल आहे! जरा मागून ऐकू द्या, की झालंच." आणि पाठीमागे जाता जाता, अगदी प्रेमाने, "जरा दम धरा."

"नाही!" अख्खा वॉर्ड ओरडला.

पण शब्द गेला होता. तीनवारांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. छाती थांबली. समोर नजर लावून ते बसले, आणि वॉर्डातल्या प्रत्येक माणसाने नकळत आपलाही श्वास रोखला. डॉक्टरांनी दचकून भात्याच्या नळीला हात घातला. एकदा ती नळी लागली, की दिवस वाया, आणि मग आगगाडी. काकूंना ते स्पष्ट दिसलं. त्यांना हेही दिसलं, की आता श्वास सोडवायला एकच शब्द आहे, आणि तो त्यांनी टाकलेला आहे. त्या शब्दाची त्यांना भयंकर भीती वाटली. तो उच्चारला आणि खरा झाला तर, त्या दुसऱ्या अर्थाने?

डॉक्टरांच्या खिशातून रबरी हातोडी डोकावत होती. काकूंनी ती उपसली आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्या अंगाच्या जोराने हाणली.

"तीन वार! सुटला!"

तीनवारांनी श्वास सोडला. लांब, सावकाश, पार तळापासून. मग एक भरपूर आत घेतला. मग आणखी एक. पडद्यावरचे आकडे एकेक पायरी वर चढले. ड्रायव्हरने टाळ्या पिटायला सुरुवात केली आणि फासळ्यांच्या कळेने शिव्या घातल्या. फुंकरबाईने लेकीला मिठी मारली. मोठे डॉक्टर एका हातात भात्याची नळी घेऊन रिकाम्या खिशाकडे बघत उभे होते.

"हे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"लिलाव," काकू म्हणाल्या, आणि मग मात्र खाटेच्या दांड्याला धरून ढसाढसा रडल्या.

पुढचे दिवसही चांगले गेले. रात्रीसुद्धा भाता लागेना, तो कोपऱ्यात नुसता उभा राहिला. मग एका सकाळी फुंकरबाई एक एवढीशी टोपी घेऊन आली. आधी तिने नळीभोवतीचा, हवा वर कंठाकडे जाऊ न देणारा फुगा रिकामा केला. टोपी नळीवर बसवली की श्वास आत नळीतून जाणार, पण बाहेर कंठातूनच येणार, असं तिने काकूंना समजावलं. म्हणजे आवाज फुटणार. बातमी वॉर्डभर झाली. मोठे डॉक्टरही आले, खिशावर हात ठेवूनच.

टोपी बसली. तीनवार खाकरले. त्या खाकरण्यालाही आवाज होता! काकूंच्या अंगावर काटा आला. इतक्या काळाने पहिला शब्द. बायको समोर उभी, डोळे भरलेले. काहीतरी गोड बोलतील, निदान नावाने हाक मारतील, असं त्यांना वाटलं.

"सुटलेला माल," तीनवार घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आजच उचला."

"आज नाही, काका," डॉक्टर गडबडीने म्हणाले. "अजून थोडे दिवस राहायला लागेल."

तीनवारांनी भुवया गोळा केल्या. "वखार म्हणजे..." श्वास पुरला नाही. त्यांनी तो नीट पोटातून घेतला. पण तोवर ड्रायव्हर, सिस्टर आणि मावशी यांनी एकसुरात ओरडून टाकलं होतं, "धर्मशाळा नव्हे!"

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि फोन उचलला. एक देणं त्यांच्या मनात राहिलं होतं. चुलत दिरांनी पलीकडून हॅलो म्हटलं.

"भावजी," काकू म्हणाल्या, "सुटले हो हे!"

पलीकडून मग एक मोठा सुस्कारा. "अरेरे! वहिनी, मन घट्ट करा. कधी?"

"आत्ताच. हा काय, पाच मिनिटं झाली असतील."

"मी निघालोच. फार सोसलं हो त्यांनी. शेवटी काही बोलले का?"

"बोलले ना," काकू म्हणाल्या. "थांबा, त्यांनाच देते."

आणि त्यांनी फोन तीनवारांच्या तोंडाशी धरला.